कमर्शियल मॅनेजरची पोस्ट समोर आलीय, घरी दोन लहान मुलं. आत्ता घ्यावी की थांबावं?

कोरापान

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअर. गेली नऊ वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने क्वांटिटी सर्व्हेइंग (बांधकामाची मोजमापं, दर, बिलं) आणि कॉन्ट्रॅक्ट्सचं काम करतेय. मेजरमेंट शीट भरण्यापासून सुरुवात केली, मग सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं, मग व्हेरिएशन्स (ठरलेल्या कामात नंतर होणारे बदल), आणि शेवटची तीन वर्षं सिनिअर क्यूएस, म्हणजे क्वांटिटी सर्व्हेयर. मुलगी चार वर्षांची आहे, मुलगा अकरा महिन्यांचा. रजेवरून परत येऊन साडेचार महिने झाले. नवरा हॉस्पिटलमध्ये शिफ्टमध्ये काम करतो, त्याचं शेड्यूल महिनाभर आधी कळतं पण प्रत्येक आठवडा वेगळा असतो.

गेल्या आठवड्यात आमच्या कमर्शियल हेडनी बोलावून विचारलं, नवीन प्रोजेक्ट सुरू होतोय, कमर्शियल मॅनेजर म्हणून, म्हणजे त्याची पैशांची आणि कॉन्ट्रॅक्टची बाजू सांभाळायला, जाशील का. मला ही पोस्ट हवी होती. खरंच हवी होती. रजेवर जायच्या आधी मीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं. आणि आता समोर आलीय तर पोटात गोळा आलाय.

भीती कशाची ते सांगते. परवा रात्री पावणेअकराला एका व्हेरिएशनचा रेट बिल्डअप करत, म्हणजे दर बांधत, बसले होते, बाळाला दात येतायत त्यामुळे तो झोपत नव्हता, एका हातात तो आणि दुसऱ्या हाताने मी एक्सेलमध्ये आकडे टाकत होते. सकाळी ज्युनिअर मुलीने फोन केला, ताई ही क्वांटिटी दहापट दिसतेय. एक शून्य जास्त पडलं होतं. तिने पकडलं म्हणून बाहेर गेलं नाही. पण मॅनेजर झाल्यावर माझं काम कोण तपासणार? तिथे माझी सही शेवटची.

दुसरी गोष्ट, परत आल्यावर एक मोठं सबकॉन्ट्रॅक्ट पॅकेज (एकत्र द्यायचा कामाचा गट) माझ्याकडे यायचं होतं ते दुसऱ्याला दिलं गेलं, आणि मला कॉरिडॉरमध्ये कळलं. कारण विचारलं तर म्हणे "तुझ्या घरी लहान बाळ आहे, तुझ्यावर लोड नको म्हणून." मला कुणी विचारलंच नव्हतं. ते अजून मनात आहे. आता नाही म्हटलं तर पुढची तीन वर्षं असंच होणार, आणि हो म्हटलं तर पहिल्याच मंथ एंडला, म्हणजे महिनाअखेरच्या हिशेबाच्या गडबडीत, घरी कोणीतरी आजारी पडणार, असं दोन्हीकडून कात्रीत सापडल्यासारखं झालंय.

या कामात राहून ज्यांनी लहान मुलं वाढवलीत त्यांनी सांगा. आत्ता घ्यावं की दोनतीन वर्षं थांबावं? घेतलं तर काय मागून घ्यावं? आणि आठवड्यातले चारच दिवस काम असं कुणी केलंय का, ते जमतं का?

---

हिशेबनीस

वयाने मोठा आहे, तू म्हणतो, चालेल ना. मी याच कामात बावीस वर्षं आहे, त्यातली चौदा मॅनेजर म्हणून. मुली आता कॉलेजात आहेत.

आधी त्या शून्याबद्दल. मॅनेजरचं काम कोणी तपासत नाही हा गैरसमज मनातून काढ. उलट मॅनेजर झाल्यावर पहिलं काम हेच की बाहेर जाणारा एकही आकडा एकाच माणसाच्या नजरेखालून जाणार नाही. रेट तू बांधलास तर तपासणार दुसरं कोणीतरी, मग ती ज्युनिअर का असेना. हे बाळामुळे नाही, हे असंच असायला हवं. रात्री पावणेअकराला एकट्याने केलेला रेट बाळ नसतानाही चुकतो.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. धाकटी झाली तेव्हा मी एका प्रोजेक्टवर होतो, कॉन्ट्रॅक्ट फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअर्सची आंतरराष्ट्रीय संघटना) १९९९ च्या रेड बुकवरचं, म्हणजे त्यांच्या बांधकामाच्या नमुना कॉन्ट्रॅक्टवरचं. ते वाचलेल्यांना माहीत असेल, क्लॉज २०.१ प्रमाणे एखादी घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर वेळही वाढवून मिळत नाही आणि पैसेही नाहीत. साइटचा एक भाग ताब्यात मिळायला उशीर होत होता, हे मला माहीत होतं, तारीख माझ्या डोक्यात होती, आणि फक्त माझ्याच डोक्यात होती. बायकोची तब्येत अचानक बिघडली, बाळ सातव्या महिन्यात झालं, मी बारा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर होतो. परत आलो तेव्हा एकतिसावा दिवस होता. क्लाएंटने तेवढ्यावर आख्खा क्लेम फेटाळला.

कंपनीत मला कोणी फाडून खाल्लं नाही, पण साहेबांनी एक प्रश्न विचारला तो मी आजवर विसरलेलो नाही. "तुला यायला जमणार नव्हतं हे समजू शकतो, पण ही तारीख दुसऱ्या कोणाला का माहीत नव्हती?"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टवर पहिल्या आठवड्यात एक शीट बनते. कॉन्ट्रॅक्टमधली प्रत्येक मुदत त्यात. क्लेमच्या नोटिशीचे २८ दिवस, तपशीलवार क्लेमचे ४२ (२०१७ च्या आवृत्तीत ते ८४ झालेत), महिन्याचं स्टेटमेंट कधी जाणार, सर्टिफिकेट कधी यायला हवं, बँक गॅरंटी कधी संपते, इन्शुरन्स कधी रिन्यू होतो, रिटेन्शनचा (बिलांतून राखून ठेवलेल्या रकमेचा) अर्धा भाग कधी सुटतो. प्रत्येक ओळीसमोर दोन नावं. एक करणाऱ्याचं आणि एक तो नसेल तेव्हा करणाऱ्याचं. दुसरं नाव रिकामं असेल तर मी ती ओळ पूर्ण झाली असं धरत नाही.

ही शीट लहान मुलं असलेल्या माणसासाठी सगळ्यात मोठा आधार आहे, कारण आपल्या कामात खरं बघायला गेलं तर अचानक येणारं फार कमी असतं. घटना अचानक घडते, पण तिच्यावर कागद कधी द्यायचा ते कॉन्ट्रॅक्टवर सही झाली त्या दिवशीच ठरलेलं असतं. एनईसी४ या दुसऱ्या नमुना कॉन्ट्रॅक्टवर असाल तर कॉम्पेन्सेशन इव्हेंट (जिच्यासाठी जादा वेळ-पैसे मागता येतात अशी घटना) कळवायला आठ आठवडे, कोटेशनला तीन आठवडे, त्यावर प्रोजेक्ट मॅनेजरला उत्तर द्यायला दोन. सगळं आधीच लिहिलेलं आहे. ऐनवेळची पळापळ होते ती बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी काम राखून ठेवल्यामुळे. २८ दिवसांची नोटीस आमच्याकडे सातव्या दिवशी गेलीच पाहिजे असा नियम आहे. नोटीस एका पानाची असते, तिला आकडे लागत नाहीत, काय घडलं आणि कधी घडलं एवढं लागतं. आकडे मागाहून.

म्हणून माझं मत, पोस्ट घे. पण पगाराच्या आधी माणसं माग. एक चांगला डेप्युटी, ज्याला ठरावीक रकमेपर्यंत सही करायचा अधिकार लेखी दिलेला असेल. तो अधिकार लेखी नसेल तर तू घरी बाळाला घेऊन बसली असशील तेव्हाही प्रत्येक सबकॉन्ट्रॅक्टरच्या बिलासाठी फोन तुलाच येणार.

---

पाऊलवाट

कोरापान ताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं हो, ते कॉरिडॉरमध्ये कळणं. माझ्या बाबतीत ते ईमेलच्या सीसीमध्ये कळलं होतं.

मी दोन मुलांची आई, मोठा नऊ, धाकटी सहा. मी तुमच्या जागी असताना थांबले होते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. मला ऑफर होती टेंडरिंगच्या बाजूची, म्हणजे प्री-कॉन्ट्रॅक्ट, बिड मॅनेजरसारखी. तेव्हा मोठा दीड वर्षाचा होता. मी नाही म्हटलं आणि आजही ते बरोबरच वाटतं, पण का ते नीट सांगते कारण लोक म्हणतात "मूल लहान होतं म्हणून सोडलं" आणि ते पूर्ण खरं नाही.

टेंडरची तारीख बाहेरून येते. ती पुढे ढकलली तर ढकलली, नाहीतर दुपारी बारा म्हणजे बारा, आणि शेवटच्या तीन दिवसांत सप्लायरचे रेट येत राहतात, डायरेक्टर मार्जिन बदलत राहतात, तेव्हा तिथून उठून जाता येत नाही. एक टेंडर गेलं की दुसरं. पोस्ट-कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे काम मिळाल्यानंतरच्या बाजूला, मात्र लय असते. महिन्याचं स्टेटमेंट, कॉस्ट रिपोर्ट, फोरकास्ट, सबकॉन्ट्रॅक्टर बिलं. शेवटचा आठवडा जड, पहिले दहा दिवस त्यामानाने हलके. ही लय घरच्यांना सांगता येते. माझ्या घरी फ्रिजवर महिन्याचं कॅलेंडर असतं त्यावर मंथ एंडचे चार दिवस लाल रंगाने रंगवलेले, धाकटी ते बघून सांगते "आई लाल दिवस आले, बाबा झोपवणार." तिला त्याचं काही वाईट वाटत नाही कारण तिला ते आधी माहीत असतं. वाईट वाटतं ते आई सहाला येते म्हणाली आणि साडेआठला आली तेव्हा.

म्हणून आधी हे विचारा की तुमची पोस्ट नेमकी कुठल्या टप्प्यावरची आहे. प्रोजेक्ट नुकताच जिंकलाय आणि सुरू होतोय असं असेल तर पहिले चारसहा महिने सगळी सबकॉन्ट्रॅक्ट द्यायची असतात, तो काळ जड जातो, नंतर बसतं. चालू प्रोजेक्टवर मधेच कोणाच्या जागी जायचं असेल तर आधीच्या माणसाने न केलेल्या नोटिशी तुमच्या गळ्यात पडतात, त्याची यादी हातात आल्याशिवाय हो म्हणू नका.

चार दिवसांबद्दल. मी केलं, दीड वर्ष. पाच दिवसांचं काम चार दिवसांत, चार दिवसांचा पगार, आणि पाचव्या दिवशी मुलं डे केअरला नसायची त्यामुळे त्यांना बागेत घसरगुंडीवर सोडून मी बाकावर फोन कानाला लावून बसलेली. एके दिवशी धाकटी घसरगुंडीच्या वर उभी राहून हाका मारत होती, आई बघ, आई बघ, आणि मी बोट वर करून थांब थांब अशी खूण करत रिटेन्शनवर बोलत होते. ती वाट बघून शेवटी तशीच खाली उतरली, पायऱ्यांवरून. त्या संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं हे असं नको. दिवस कमी केले होते, काम कमी केलंच नव्हतं. दिवस कमी करायचे तर पॅकेजेस मोजून कमी करून घ्या, कुठली माझ्याकडे आणि कुठली नाहीत हे नावानिशी लिहून. ते होत नसेल तर पाच दिवस घ्या आणि त्यातले दोन घरून.

आणि एक, थांबल्यामुळे मागे पडते ही भीती. थोडी खरी आहे. पण थांबलेल्या काळात मी चार्टरशिप केली, आरआयसीएसची, म्हणजे सर्व्हेयर लोकांच्या ब्रिटिश संस्थेची व्यावसायिक मान्यता. तीन हजार शब्दांची केस स्टडी लिहायची असते आणि मग तासाभराचा इंटरव्ह्यू. ती केस स्टडी मी मुलं झोपल्यावर रोज वीसपंचवीस मिनिटं अशी पाच महिने लिहिली. तेव्हा वाटायचं हे कधी होणारच नाही. पण त्याने परत येताना माझ्या हातात काहीतरी होतं.

---

सकाळपाळी

मी थोडं वेगळं बोलतो, बाप म्हणून. आमची मुलगी पाच वर्षांची. मी फॅसिलिटीज कॉन्ट्रॅक्टमध्ये कमर्शियल मॅनेजर आहे, बायको शिक्षिका.

कोरापान, तुमच्या पोस्टमध्ये नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, की तो शिफ्टमध्ये असतो. भीती सगळी तुमच्या नावावर आहे, "घरी कोणीतरी आजारी पडणार" याचीसुद्धा. मुलं आजारी पडली तर फोन कोणाला येतो? डे केअरच्या फॉर्मवर पहिला नंबर कोणाचा आहे? आमच्याकडे बायकोचा होता, आपोआप, भरताना कोणी विचारही केला नव्हता. तिचे वर्गात तास चालू असताना फोन यायचे, ती बाहेर पळायची, आणि मला संध्याकाळी कळायचं. मी एक दिवस जाऊन तो नंबर बदलून माझा दिला. डे केअरच्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना, आईंचा नको ना पहिला.

त्यानंतर मला कळलं की ते काय असतं. फोन येणं ही छोटी गोष्ट, पण फोन येईल हे सतत मनात धरून मीटिंगला बसणं, ते मोठं. कोणती लस कधी, चपला लहान झाल्यात, परवा रंगीत कपड्यांचा दिवस आहे, हे सगळं डोक्यात कोण वागवतं त्याचंही वाटप करावं लागतं. आम्ही कामं वाटून घेतली नाहीत, विषय वाटून घेतले. डॉक्टर, औषधं, लसी माझ्याकडे, पूर्ण, म्हणजे लक्षात ठेवायचंही मीच. डे केअर, कपडे तिच्याकडे. तुमचा नवरा हॉस्पिटलमध्येच आहे, हा विषय त्याच्याकडे जायला काय हरकत आहे.

त्याचं शेड्यूल महिनाभर आधी येतं ही तर चांगली गोष्ट आहे. तुमचं मंथ एंडही आधी माहीत असतं. दोन्ही एका कागदावर ठेवा, त्याच्या रात्रपाळ्या आणि तुमचे शेवटचे चार दिवस एकमेकांवर येतात ते महिने आधीच दिसतील, आणि त्याला बदली मागायला वेळ मिळेल.

ऑफिसात मी एक गोष्ट करतो, पिकअप असेल त्या दिवशी कॅलेंडरवर "मुलीला आणायला जातोय" असंच लिहितो, "बाहेर मीटिंग" असं लिहीत नाही. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं. पण माझ्या टीममधल्या दोन मुलींनी नंतर सांगितलं की त्यामुळे त्यांनाही तसं लिहायचा धीर आला. मॅनेजरने लिहिलं की फरक पडतो.

---

निवांतपण

सगळे घे घे म्हणतायत म्हणून मी मुद्दाम लिहितेय. ताई, अकरा महिने म्हणजे तुमचं शरीर अजून पूर्ण भरून आलेलं नाही. रात्री किती वेळा उठता ते तुम्ही लिहिलं नाही पण दात येतायत म्हणजे झोप नाहीच. मी बाळ दहा महिन्यांचं असताना प्रमोशन घेतलं आणि त्यानंतर सातव्या महिन्यात आजारी पडून सोडलं. माझी कंपनी वाईट नव्हती, नवरा चांगला होता. झोपच नव्हती. अशा वेळी निर्णय चुकतात आणि मग स्वतःवरचा विश्वास जातो, तो परत यायला मला प्रमोशन परत मिळण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दूध अजून पाजत असाल तर तेही धरा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार आहे, क्रमांक १८३, त्यात किमान १४ आठवड्यांची रजा आहे, परत आल्यावर तीच किंवा तेवढ्याच पगाराची समान जागा मिळायचा हक्क आहे, आणि दूध पाजायला कामाच्या वेळेत धरलेला, पगारी ब्रेक आहे. ज्या देशांनी तो मंजूर केलाय त्यांनाच तो लागू होतो, पण आपल्या इथला कायदा काय म्हणतो ते एकदा बघून ठेवा. तुमचं ते पॅकेज काढून घेतलं ना, ते मला साधं वाटत नाही. समान जागा म्हणजे नुसतं पदनाव नाही, कामही समान हवं. निदान लेखी विचारून ठेवा.

माझं म्हणणं नाही म्हणा असं नाही. सहा महिने मागा. "मला हवंय, अमुक महिन्यापासून" असं म्हणता येतं. प्रोजेक्ट तुमच्यासाठी थांबणार नाही असं वाटतं, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

---

हिशेबनीस

निवांतपण यांचा मुद्दा मी खोडत नाही, झोपेचा हिशोब मी धरला नव्हता. बायकोने वाचलं आणि म्हणाली तुला रात्री कोण उठवत होतं, म्हणून तुझ्या लक्षात नाही. खरं आहे.

एक जोडतो. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या नोकरीवरच्या आणि कमाईवरच्या कामासाठी. त्यांची एक मांडणी मला आपल्या कामाला फार लागू वाटते. ज्या नोकरीत जास्त तास देणाऱ्याला, कधीही बोलवा हजर असणाऱ्याला, प्रमाणाबाहेर जास्त पैसे मिळतात, तिथे मूल झाल्यावर आईची कमाई मागे पडते. त्यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टचं उदाहरण दिलंय. तिथे तो व्यवसाय असा बदलत गेला की एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, रेकॉर्ड सगळं सिस्टिममध्ये, औषधं सारखी. त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला तासामागे फारसा तोटा होत नाही.

आपल्या धंद्यात उलट शिकवतात. क्लाएंट माझ्याशीच बोलतो, माझ्याशिवाय फायनल अकाउंट (कामाचा शेवटचा हिशोब) मिटणार नाही, असं म्हणण्यात लोक मोठेपणा मानतात. मीही मानायचो. त्या एकतिसाव्या दिवसानंतर सोडलं. कोरापान, तू मॅनेजर झालीस तर पहिल्या दिवसापासून असं काम लाव की तू एक आठवडा नसलीस तरी फाइल उघडून दुसऱ्याला कळेल काय चाललंय. मीटिंग झाली की त्याच दिवशी मिनिट्स. फोनवर काही ठरलं की लगेच दोन ओळींचा ईमेल, "आपलं असं ठरलं." साइटवरून तोंडी सूचना आली की तिची लेखी कन्फर्मेशन. हे क्लेमसाठी तर हवंच, पण बाळाला ताप आला तेव्हा हेच तुला घरी थांबू देतं.

---

कोरापान

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर देता आलं नाही, बाळाला खरंच ताप होता.

काय काय झालं ते सांगते. सकाळपाळी, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला डॉक्टरचा विषय माझ्याकडे. काल ताप होता तर तोच थांबला, मी ऑफिसला गेले, आणि दुपारी दोनदा फोन करायचा मोह झाला तो आवरला. डे केअरच्या फॉर्मवरचा नंबर सोमवारी बदलतोय.

पाऊलवाट ताई, घसरगुंडीचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि मुलीजवळ जाऊन बसले. चार दिवसांचा विचार सोडला. पोस्ट कुठल्या टप्प्यावरची ते विचारलं, नुकतं जिंकलेलं काम आहे, पुढच्या दोन महिन्यांत सुरू, म्हणजे तुम्ही म्हणालात तसे पहिले सहा महिने जड.

मग काल हेडना भेटले. आधी पॅकेजचं बोलले. म्हटलं सर, मला न विचारता ते दुसऱ्याला दिलं, कारण माझ्या घरचं धरलं, यापुढे माझ्या घरचा निर्णय मला घेऊ द्या, आणि हे मी ईमेलवरही लिहिणार आहे. ते थोडे चमकले पण ऐकून घेतलं. मग म्हटलं पोस्ट हवीय. तीन गोष्टी मागितल्या. एक डेप्युटी, लेखी सही अधिकारासह. पहिल्या सहा महिन्यांत सबकॉन्ट्रॅक्ट द्यायच्या कामाला आणखी एक क्यूएस, तात्पुरता चालेल. आणि संध्याकाळी साडेपाचनंतरची मीटिंग माझ्याशिवाय, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. मंथ एंडचे चार दिवस सोडून, ते मी देणार.

डेप्युटीला लगेच हो म्हणाले, नाव मी सुचवलं, ते शून्य पकडणारी मुलगी अजून लहान आहे त्या पदाला, पण तिला माझ्या टीममध्ये मागून घेतलंय. जादा क्यूएसवर विचार करतो म्हणाले. साडेपाचचं मात्र त्यांना पटलं नाही, क्लाएंट ऐकणार नाही म्हणे. मी म्हटलं क्लाएंटला मी सांगते, एकदा विचारून बघू.

निवांतपण, तुमचं रात्रभर डोक्यात होतं. रात्री तीनदा उठते, खरंय. सहा महिने मागितले नाहीत, पण काम सुरू व्हायला दोन महिने आहेत त्यातले तीन आठवडे रजा टाकलीय, नुसती झोपायला आणि मुलांबरोबर राहायला. तेवढ्यात तो रात्रीचा कमी उठायला लागला तर बरंच.

हिशेबनीस दादा, तुमची शीट बनवायला घेतली. कॉन्ट्रॅक्टचा ड्राफ्ट आलाय, २०१७ चं रेड बुक आहे, पर्टिक्युलर कंडिशन्समध्ये (या प्रोजेक्टपुरत्या बदललेल्या अटींमध्ये) नोटिशीचे २८ दिवस कापून १४ केलेत. हे आत्ताच दिसलं ते बरं झालं.

---

हिशेबनीस

१४ केलेत? मग सातव्या दिवसाचा नियम तिसऱ्या दिवसावर आण. आणि सही व्हायच्या आधी ते परत २८ करून मागा, टेंडर क्लॅरिफिकेशनमध्ये (टेंडरच्या वेळच्या प्रश्नोत्तरांत) तुमच्या लोकांनी तो मुद्दा घेतला होता का ते आधी शोध. घेतला नसेल तर पुन्हा वाटाघाटीला जागा कमी आहे, पण तुमच्या डायरेक्टरना ही रिस्क लेखी कळव, तुझ्या नावाने, आजच्या तारखेने. डेप्युटीलाही सीसीत ठेव.

---

पाऊलवाट

ताई, मंथ एंडच्या दिवसांना लाल रंग द्या हं, मुलीच्या हातून रंगवून घ्या. आणि तीन आठवड्यांच्या रजेत लॅपटॉप ऑफिसातच ठेवून या.

---

कोरापान

ठेवते. रंगाचं आजच झालं, तिने चारऐवजी सहा दिवस रंगवले, दोन तिला आवडले म्हणून. ते दोन आम्ही बागेसाठी ठेवलेत.